घरचे गॅदरिंगला येणार म्हटल्यावर पोटात गोळा का येतो?

"आई-बाबा गॅदरिंगला येतायत, तर मला डान्समधून नावच काढून घ्यावंसं वाटतंय." जानेवारी-फेब्रुवारीत समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ही तक्रार थोड्याफार फरकाने असतेच. नेरूळला होस्टेलवर राहणारी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हेच घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घर चिपळूणला. सकाळी ट्रॅडिशनल डे, दुपारी फूड स्टॉलची ड्युटी, संध्याकाळी आठ जणींचं कोळीनृत्य. त्यात आई, बाबा आणि आजी पहिल्यांदाच कॉलेज बघायला येणार.

याला सगळे सरसकट स्टेजची भीती म्हणतात. पण आदल्या वर्षी ही मुलगी याच स्टेजवर बिनधास्त नाचली होती. मग यंदा वेगळं काय होतं, ते शोधायला हवं होतं. त्यासाठी तिला त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब कागदावर मांडायला सांगितला.

कागदावर घोळ लगेच दिसला. घरची मंडळी कोकण रेल्वेने पनवेलला उतरून हार्बरच्या लोकलने चारच्या सुमारास नेरूळला पोचणार. त्यांना आणायला स्टेशनवर ती, गेटवर पास दाखवायला ती, आजीला खुर्ची आणि बाथरूम दाखवायला ती. आणि साडेचारला ग्रीनरूममध्ये मेकअपलाही तीच. म्हणजे एकाच वेळी पाहुण्यांची यजमान आणि नाचातली कलाकार. ही दोन कामं एका डोक्यात एकत्र बसत नाहीत. विंगेत उभं राहूनही मन "आजीला चहा मिळाला असेल का?" याच्यावर असतं आणि पहिलीच एंट्री चुकते.

म्हणून चारपासून नाच संपेपर्यंत यजमानपण रूममेटकडे सोपवलं. तिचा नंबर बाबांना आदल्या दिवशीच दिला आणि स्पष्ट सांगितलं, "चारनंतर माझा फोन बंद असेल, काहीही लागलं तर हिला फोन करा." गेस्ट पासचे फोटो आधीच पाठवले. आजीसाठी कडेची, जाण्यायेण्याच्या वाटेलगतची खुर्ची ठरवली. वेळेचंही खरं ते सांगितलं. पत्रिकेत साडेपाच लिहिलेलं असलं तरी नंबर साडेसातच्या आत लागणं कठीण. उघड्या मैदानावर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे उशीर झाला की शेवटचे आयटम कापले जातात. हे घरच्यांना आधी माहीत असलं की ते डबा घेऊन येतात आणि "अजून किती वेळ?" असे फोन येत नाहीत.

एवढं ठरूनही तिची झोप सुधारेना. तेव्हा एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी बाबांना कोण भेटायला नको?" उत्तर आलं, "मॅथ्सचे सर." गणितात केटी होती, म्हणजे तो विषय राहिला होता, आणि घरी ते माहीत नव्हतं.

घरच्यांच्या येण्याची धास्ती घेणाऱ्या मुलांमध्ये असं काहीतरी झाकलेलं बऱ्याचदा सापडतं. केटी, न भरलेली फी, कुणाशी तरी असलेली मैत्री. ते तसंच ठेवून श्वासाचे व्यायाम शिकवले तर फारसा उपयोग होत नाही. आमचं ठाम मत असं, की ते कार्यक्रमाआधी किमान आठवडाभर सांगून मोकळं व्हावं. त्या दिवशी सांगायचं नाही. व्हॉट्सॲपवरही नको, कारण निळ्या टिका दिसून उत्तर येत नाही तो तास फार वाईट जातो. आणि "आई, तूच बाबांना सांग" हे तर नकोच, मग आई बिचारी दिवसभर ते ओझं घेऊन फिरते. फोनवर, सरळ आणि थोडक्यात, पुढे काय करणार त्यासकट: "बाबा, मॅथ्सला केटी लागलीय. मे महिन्यात पेपर आहे, फॉर्म भरलाय. गॅदरिंगला आलात की सरांना भेटू." पेपर अवघड होता वगैरे कारणं आधी सांगायची नाहीत, विचारलं तर सांगायची. तिने हे चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं, मग फोन केला. बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पुस्तकं आहेत ना सगळी?" त्या रात्री ती झोपली.

आता नाचाकडे. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलेला मुद्दा इथे कामाचा आहे. बघणारी माणसं समोर असली की पक्कं बसलेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं राहिलेलं अधिक बिघडतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात अख्खा नाच पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा कच्चा तुकडा धरावा. हिचा तुकडा होता होडीची रांग मोडून गोल होताना बदलणारी जागा, जेमतेम वीस सेकंदांचा. तो होस्टेलच्या पाचसहा मुलींसमोर, मधूनच गाणं लावून घोटला. चूक झाल्यावर काय, हेही ठरवलं: थांबायचं नाही, शेजारणीकडे बघून पुढच्या आठाच्या (आठ ठोक्यांच्या मोजणीच्या) 'एक'ला पकडायचं.

विंगेत उभं असताना नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दोनतीन मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचा वेग उतरतो. भराभर "दीर्घ श्वास" घेतले तर मात्र रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि मूल आणखी घाबरतं. स्वतःला "शांत हो" असं दटावूही नये. छाती धडधडतेय ती नाचायची उत्सुकता आहे असं म्हणणं जास्त लागू पडतं.

पोटाचं विसरू नका. सकाळी नऊवारीच्या गडबडीत नाश्ता राहतो, दुपारी स्टॉलवर अर्धा वडापाव आणि तीन कटिंग, संध्याकाळी हात थरथरतात आणि ते भीतीच्या खात्यात जमा होतं. नाचाआधी दीडदोन तास केळी किंवा दोन पोळ्या-भाजी, आणि चारनंतर चहा बंद.

मैत्रिणीने दिलेली "धडधड कमी करायची" गोळी घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध दमा असलेल्यांना धोक्याचं ठरू शकतं. ते डॉक्टरांनी तपासून दिलं तरच.

प्रत्यक्षात नंबर आठ वाजून गेल्यावर लागला. गोल होताना एक जागा चुकली, तिने पुढच्या आठाला पकडली.

पालकांना दोनच विनंत्या. मूल स्टेजवरून उतरल्यावर पहिला अर्धा तास सुधारणा सांगू नका. आणि अख्खा नाच मोबाईलच्या आडून बघू नका.

कार्यक्रम झाल्यावरही भीती टिकली, प्रत्येक व्हायव्हा-प्रेझेंटेशन टाळणं महिनोन्‌महिने चाललं, श्वास कोंडण्याचे झटके येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. सुरुवात कुठून करायची ते सुचत नसेल, तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतून मोफत बोलता येतं.