शुगर की स्क्विरल? शेपटीच्या बुडाशी बघा

प्रश्न: आम्ही ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलजवळ राहतो. मागच्या गम ट्रीला (निलगिरीच्या जातीचं झाड) फुलं आली की रात्री दोन ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत झेपावणारे छोटे पिशवीवाले प्राणी) येतात. शेजारी म्हणतात शुगर ग्लायडर, मला ते मोठे वाटतात. स्क्विरल ग्लायडर असतील का? फोटो धूसर आलेत.
– एक वाचक

उत्तर: शंका रास्त आहे, तुमच्याकडे दोन्ही सापडतात. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. स्क्विरल साधारण २०० ते ३०० ग्रॅमचा, शुगर १०० ते १५०च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक, तरी उंच फांदीवर टॉर्चच्या उजेडात तो कळत नाही, आणि त्यात स्क्विरलचं अर्धवट वाढलेलं पिल्लू असलं तर विचारूच नका.

आधी शेपटी बघा, तीही बुडाशी. स्क्विरलची शेपटी तिथे इतकी जाड, झुपकेदार असते की अंग कुठे संपलं नि शेपटी कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही, शुगरची मात्र बारीक. टोक पांढरं असेल तर स्क्विरल नसण्याचीच शक्यता जास्त, पण टोक पांढरं नाही म्हणून लगेच स्क्विरल ठरवू नका. मग तोंड बघा: स्क्विरलचं लांबट, टोकदार, कानही लांब नि निमुळते. पोट पांढरंशुभ्र, शुगरचं करडट, त्यामुळे झेप घेताना खालून फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि कान उघडे ठेवा. शुगर छोट्या कुत्र्यासारखा यॅप यॅप करतो, कधीकधी बराच वेळ. स्क्विरल तसा भुंकत नाही, त्याचा आवाज घशातला, खोल. मला विचाराल तर फोटोपेक्षा मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग जास्त कामाचं.

२०२० मध्ये संशोधकांनी जुन्या शुगर ग्लायडरच्या तीन प्रजाती केल्या, शुगर, क्रेफ्ट्स आणि सॅव्हाना. त्या बाहेरून ओळखणं फार कठीण, तुम्ही त्यात अडकू नका.

स्क्विरलकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि त्याला राहायला जुन्या झाडांच्या ढोली लागतात, त्या तयार व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून कुठे नोंद करणार असाल तर शेपटी, तोंड, आवाज यातल्या दोन तरी खुणा जुळू द्या, नाहीतर सरळ ‘शुगर किंवा स्क्विरल’ लिहा. टॉर्चला लाल कागद लावा, झोत डोळ्यांवर धरून ठेवू नका.