जॅझ-ब्लूज ऐकवायला पहिल्यांदाच येताय?

म्हापशाच्या रेकॉर्ड ऐकण्या-ऐकवण्याच्या बैठकीत मनापासून स्वागत! एकच ट्रॅक आणा, फार तर दोन. नवखी मंडळी तासाभराची यादी आणतात आणि तिसऱ्या ट्रॅकला लोक गप्पा मारू लागतात.

आधी कलाकार, साल, वाद्यं एवढंच सांगा. ट्रॅक सुरू झाला की बोलायचं नाही.

फोनच्या स्पीकरवर तर मुळीच ऐकवू नका. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा ‘सो व्हॉट’ घ्या: पियानो आणि बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) यांची संथ सुरुवात संपली की मुख्य धून बासच वाजवतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. बासच ऐकू आला नाही, तर उरलं काय?

ब्लूजसाठी गायिका बेसी स्मिथ. १९२३च्या रेकॉर्डमध्ये खरखर असणारच, त्या खरखरीबद्दल माफी मागू नका.

हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांची रेकॉर्ड मिळाली तर जरूर आणा.