विनिपेगला येताय ना, मग नॉर्थ एंडचं आधी ऐका

ताई, प्रश्न वाचला तुमचा. पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) आलाय, मार्चमध्ये नवरा आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन विनिपेगला उतरताय, कपडे काय आणू, घर कसं बघू, आणि ‘नॉर्थ एंडला नेटिव लोक राहतात, तिकडे फिरकू नका असं सगळे सांगतात, खरं का?’ पहिल्या दोनाचं पटकन सांगतो. तिसऱ्याला जरा वेळ लागेल, कारण मागच्याच शुक्रवारी ऑफिसात एका बाईंचा निरोप समारंभ झाला आणि डोक्यात अजून तेच चाललंय.

तिकडून जाड जॅकेट घेऊ नका. पार्का (टोपीवाला जाड कोट) इथेच घ्या, सेकंडहँड दुकानात पण मस्त मिळतात, थर्मल आणलेत तरी चालतील. घर न बघता कुणाला डिपॉझिट पाठवू नका, माझ्या ओळखीतल्या एकाचे असेच बुडालेत. गाडी घ्याल तेव्हा ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) आहे का ते बघा, थंडीत रात्री गाडीला प्लग लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी बसा चावी फिरवत.

आता नॉर्थ एंड. 2013 ला मी आलो तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, आपल्याच लोकांनी, आणि मी गेलोही नाही तिकडे वर्षभर. मग नव्याने येणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली आणि शेजारच्या टेबलावर या बाई. क्री या इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, राहायला नॉर्थ एंडलाच. सगळे त्यांना कुकुम म्हणायचे, म्हणजे आजी, मग मीही. पहिल्या दिवशी विचारलं, कुठला तू? मी म्हणालो, इंडियन. त्या म्हणाल्या, मीपण, सरकारी कार्ड दाखवू का? आणि खो खो हसल्या. इथल्या मूळ लोकांसाठीचा 1876 चा कायदा आहे ना, त्याचं नाव अजून इंडियन अॅक्टच आहे. (तुम्ही मात्र ‘रेड इंडियन’ चुकूनही म्हणू नका, नेटिवही नको. फर्स्ट नेशन्स, मेटी, इन्युइट हे तीन वेगळे, सगळ्यांना मिळून इंडिजिनस म्हणा.) ‘यांना सगळं फुकट मिळतं’ हे पण ऐकाल. कुकुमनी एकदा पर्समधून पाच डॉलरची नोट काढून माझ्यासमोर ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात सरकारशी तह झाला त्याचे पैसे, माणशी वर्षाला 5 डॉलर, आजही तेवढेच. म्हणाल्या, जा, याची कॉफी घेऊन ये दोघांना.

त्या स्वतः रेसिडेन्शियल स्कूलमधल्या. मूळ रहिवाशांची दीड लाखाहून जास्त पोरं घरातून उचलून त्या निवासी शाळांत घातली, भाषा बोललं की मार, शेवटच्या शाळा बंद व्हायला 1990 चं दशक उजाडलं. कुकुम त्यावर एवढ्या वर्षांत माझ्याशी एकदाच बोलल्या, तेही केस कापले त्याबद्दल फक्त, आणि मी खोदून विचारलं नाही. या शाळांची चौकशी करणाऱ्या मरे सिंक्लेअर यांच्या आयोगाने 2015 मध्ये 94 मागण्या मांडल्या. त्यातली 93 वी आपल्याबद्दल आहे, की नव्याने येणाऱ्यांना हा इतिहास सांगा. आमचं काम तेच.

करायचो काय, तर जमिनीवर ब्लँकेटं अंथरायची, ती म्हणजे हा देश, त्यावर वीस-पंचवीस लोक अनवाणी उभे. एकेक तह, एकेक कायदा वाचला की ब्लँकेट दुमडायचं, लोक दाटीवाटीने एकमेकांना धरून उभे राहतात, कुणी पार बाहेर. एकदा ब्लँकेटं कमी पडली म्हणून मी घरची गोधडी नेली. आणि दुमडायची वेळ आली तर हातच चालेना. नंतर चहा पिताना कुकुमना सांगितलं, आजीच्या लुगड्यांची आहे ती, आजोबांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं, आम्ही धरणग्रस्त. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी गाडीत घालून शोल लेकला घेऊन गेल्या. 1919 पासून विनिपेगच्या नळाला पाणी तिथून येतं, सुमारे 150 किलोमीटरवरून. ते पाणी आणायच्या कामात तिथल्या फर्स्ट नेशनचं गाव पाण्याने वेढून बेट झालं, पक्का रस्ता मिळाला 2019 मध्ये, आणि 1997 पासून 2021 पर्यंत ते लोक पाणी उकळून नाहीतर बाटलीतलं पीत होते. तळ्याच्या काठावर राहून! मी नुसता बघत उभा. कुकुम म्हणाल्या, तुझ्या आजोबांना इथलं कळलं असतं ना? बस, एवढंच.

शुक्रवारी त्यांच्या खांद्यावर स्टार ब्लँकेट घातलं. हा इथला मोठा मान असतो, छोटे छोटे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडून मधोमध मोठा तारा, आपल्याकडच्या बायकांनी बघितलं तर आधी टाका उलटून बघतील. ढोल वाजला, सगळे उभे. मला चार शब्द बोलायला सांगितले होते, दोनच झाले. आणि कुकुम माझ्या कानात, हे मशीनमध्ये धुतलं तर चालतं का रे?

तर ताई, नॉर्थ एंड गरीब आहे, रात्री एकटं फिरताना डोळे उघडे ठेवा, ते डाउनटाउनलाही ठेवावे लागतात. पण दिवसा खुशाल जा. भाडं तिथे कमी आहे, आणि मी आजवर बॅनक खाल्ला (जाडसर भाकरीसारखा असतो) तो तिथल्या घरांतच सगळ्यात चांगला.

सप्टेंबरच्या शेवटी लेकीला शाळेत नारिंगी टीशर्ट घालून बोलावतील, 30 तारखेच्या दिवसासाठी. त्या रेसिडेन्शियल शाळांत गेलेल्या मुलांच्या आठवणीत असतो तो, घालायच्या आधी तिला सांगा कशासाठी ते. आणि शाळेनंतरच्या डे केअरला वेटिंग लिस्ट फार लांब असते, दिवसाला जास्तीत जास्त 10 डॉलर आहे म्हणून सगळे तुटून पडतात, तेव्हा कुठे राहायचं ते ठरलं की त्याच दिवशी नाव लावा.