क्वार्टर ग्लासवर लूव्हर बसवताना

गाडीच्या क्वार्टर ग्लासवर, म्हणजे मागच्या दारामागच्या छोट्या बाजूच्या काचेवर, लूव्हर (झडपांसारख्या आडव्या पट्ट्यांचं आवरण) घरी बसवायचंच ठरवलंयस ना, मग थंडी ओसरू दे. डिसेंबरात निफाडला पारा एक आकडी उतरतो, नाशकातही सकाळी काच बर्फासारखी गार असते. लूव्हरमागची दुहेरी चिकटपट्टी (टेप) अशा काचेवर पकड घेत नाही. साधारण २१ ते ३८ अंश तापमान हवं. दुपारी सावलीत गाडी लाव. तापलेल्या उन्हातही नको.

खरं काम सफाईचं आहे. बोअरच्या पाण्याने धुतलीस तर क्षारांचे पांढरे डाग राहतात, आणि पॉलिश किंवा वॅक्सचा तेलकट थर तर डोळ्यांना दिसतही नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ मायक्रोफायबरने काच पूस. मग तिथे बोट लावायचं नाही.

आता टेपचा कागद न काढता लूव्हर नुसतं धरून बघ. कड काचेभोवतीच्या रबराच्या बीडिंगवर चढत असेल तर ते फ्लश, म्हणजे काचेला सपाट टेकून, बसणार नाही, कितीही दाबलंस तरी. जागा जमली की मास्किंग टेपने खुणा कर. कागदाची टोकं थोडीच सोडवून बाहेर दुमड, लूव्हर खुणेवर टेकव, मग कागद हळूहळू ओढ. कडेकडेने अंगठ्याने जोर देऊन दाब. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर मुंबई-आग्रा हायवेवर गाडी पळवू नकोस आणि प्रेशर वॉशर तर अजिबात नको.

पुढच्या दारांच्या काचांना मात्र हात लावू नकोस. द्वारका चौकात वळताना बाजूची दुचाकी दिसलीच पाहिजे.