चार खाड्या एका दिवसात

प्रश्न : ताई, मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गाडीनं मुरूडहून गणपतीपुळ्याला निघालो. बरोबर दोन मुलं. राजपुरीला गेलो तर जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद झालेल्या. बाणकोट खाडीवर बागमांडल्याला ओहोटीमुळे जंगल जेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, थांबलेली, दीड तास उन्हात गेला. दाभोळला शेवटची फेरी चुकली आणि गणपतीपुळ्याच्या खोलीचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. उकाड्यानं धाकट्याला उलट्या झाल्या. एवढ्या हौसेनं आखलेली सहल, अजून रुखरुख लागून आहे. पुन्हा जावं का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : जा, नक्की जा. तुमचं पत्र वाचून जीव हळहळला. आखणीत चूक एकच झाली : राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा चारही खाड्या तुम्ही एका दिवसात बसवल्या. एक फेरी हुकली की पुढचं सगळं कोसळतं.

माझं माहेर केळशीचं. खाडीपलीकडे जायचं तर वडील आधी कालनिर्णय बघायचे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच हिशोब, थोडं मागंपुढं होतं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीचं पाणी समुद्रात फार आत जातं आणि ती ओहोटी नेमकी संध्याकाळी पाचच्या सुमारास लागते, म्हणून त्या दिवसांत दुपारीच पलीकडे व्हा. निघण्यापूर्वी जेटीवर फोन करून विचारा. बागमांडल्याला अडलात तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून वळसा आहे, पण तो पूल चालू आहे ना, तेही विचारून घ्या. आणि खोली नेहमी खाडीच्या अलीकडे घ्या. पहिला मुक्काम हरिहरेश्वर, दुसरा आंजर्ले किंवा दापोली, तिसरा गुहागर.

धाकट्याचं मनाला लावून घेऊ नका. मेमध्ये हवेतच इतकं पाणी असतं की घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. गाडी सकाळी सहा ते अकरा चालवा, मग चारनंतर. मुलांना मीठ घातलेलं कोकम सरबत घोटघोट देत राहा.

जेटी थांबली आणि ऊन उतरलेलं असलं, तर मुलांना काठावरची खारफुटी दाखवा. चिखलातून बोटभर लांबीची मुळं सरळ वर आलेली असतात, तिवर हे खारफुटीचं झाड त्यांतून श्वास घेतं. मधूनच निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, परांवर सरपटत उड्या मारतात. तिवराचं पान वडील माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, चाट. खारट! मुळांनी ओढलेलं मीठ ते झाड पानांतून बाहेर टाकतं. उन्हात पानावर त्याचे बारीक कण चमकतात. चिखलात मात्र उतरू देऊ नका. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि कालवांच्या शिंपा कापतात.

नोव्हेंबरात निघा. जंजिऱ्याच्या होड्या तेव्हा चालू असतात. राजपुरीहून शिडाची होडी मिळाली तर धाकट्याला शिडाच्या सावलीत बसवा.