शिल्पकलेतून चांदीकडे: आयर्लंडला जाण्याआधी तांब्यावर हात बसू दे

प्रश्न: मी कोल्हापुरात शिल्पकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचा हुपरीत चांदीच्या पैंजणांचा धंदा आहे. आयर्लंडमधल्या चांदीकारांची भांडी फोटोंत पाहिली आणि ती मला शिल्पंच वाटली. तिकडे शिकायला जायचं आहे. बाबा म्हणतात, चांदीच करायची तर घरचा धंदा आहे आणि शिल्प करायचं तर चांदी कशाला? मी शिल्पकलेत पुढची पदवी घेऊ की चांदीकाम शिकू?

उत्तर: चांदीकाम शिक. शिल्पाची नजर तुला मिळालेलीच आहे, पत्र्याचा हात अजून नाही. मातीत चुकलं की भर घालता येते. पत्र्यात ती सोय नाही. एकाच सपाट चकतीला हातोडीने आत ढकलत भांडं उभं करायचं असतं आणि आकाराचा प्रत्येक निर्णय धातूच्या जाडीशी बांधलेला असतो. शिल्प आणि कारागिरी एकत्र येतात म्हणजे काय, ते इथे समजतं. भांड्यावर शिल्प चिकटवून ते साधत नाही.

तू पाहिलेल्या कामामागची माणसं नीट अभ्यास. केव्हिन ओड्वायर चांदीच्या किटल्या घडवतात, आणि 2002 मध्ये ऑफली परगण्यात लॉख बोरा इथे, पीट (जळणासाठी खणतात ती दलदलीची माती) काढून रिकाम्या झालेल्या जमिनीवर, सुरू झालेल्या शिल्प-उद्यानामागेही तेच आहेत. स्टुअर्ट केर्न्स चांदीला काटक्या, दोरा, किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तू जोडतात. कॅरा मर्फी यांच्या भांड्यांत झाडापानांची वाढ दिसते. यांपैकी कुणाचंही काम सेल्टिक, म्हणजे जुन्या आयरिश धाटणीच्या, गाठींच्या नक्षीवर उभं नाही. अर्जात तशी नक्षी टाकून 'आयरिश' दिसण्याचा प्रयत्न करू नकोस. जुनं पाहायचंच असेल तर डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला आठव्या शतकातला आर्डा चषक पाहा, तोही नक्षीसाठी नको, जोडणीसाठी पाहा. साडेतीनशेहून अधिक भागांच्या त्या चषकाची वाटी आणि पाया दांड्यातून गेलेल्या एका खिळीने धरलेले आहेत. डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, न लावता जोडायची ही युक्ती आजच्या शिल्पवजा चांदीकामात फार उपयोगी पडते, कारण लाकूड किंवा दगड जोडल्यावर आच देता येत नाही.

आता तांब्यावरची तयारी. 70 मिमी व्यासाचा, 90 मिमी उंचीचा पेला घे. चकतीचा व्यास साधारण सरासरी व्यास अधिक उंची, म्हणजे 160 मिमी. पत्रा 1 मिमी जाड. तांब्यात हे वजन सुमारे 180 ग्रॅम होतं, 925 चांदीत (हजारात 925 भाग शुद्ध चांदी) सुमारे 210. म्हणून आधी तांबं. कंपासने पेन्सिलीची समकेंद्री वर्तुळं आखायची, लोखंडी खुंट्यावर चकती तिरकी धरायची आणि तळाच्या वर्तुळापासून काठाकडे, ठोक्यावर अर्धा ठोका चढेल अशी एकेक फेरी घ्यायची. धातू नेमका खुंट्यावर टेकतो त्याच्या किंचित पुढे हातोडी पडली पाहिजे. तिथे पोकळी असते, म्हणून धातू आत वळतो. थेट टेकलेल्या जागी मारलंस तर तो फक्त पातळ होतो.

प्रत्येक फेरीनंतर भांडं तापवून नरम करायचं. चांदीसाठी 600 ते 650 अंश सेल्सिअस. अंधाऱ्या कोपऱ्यात तापव, मंद लाल छटा दिसली की थांब. उजेडात ती छटा दिसत नाही आणि मुलं नकळत जास्त तापवतात. मग धातूचे कण मोठे होतात, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. सुमारे 800 अंशांना तर 925 चांदी वितळायला लागते. हमखास बिघडतो तो काठ. एका फेरीत फार आत घेतलं की चुणी पडते, ती ठोकून दुमडली की घडी होते आणि पुढच्या फेरीत तिथूनच चीर जाते. चुणी दिसताच, ती उथळ असतानाच, सपाट कर. दर फेरीला काठावर उभे हलके ठोके देऊन तो जाड ठेव. चांदीत आणखी एक त्रास आहे. तिच्यातलं साडेसात टक्के तांबं तापताना पृष्ठभागाखाली काळवंडतं आणि पॉलिशनंतर जांभळट-राखाडी डाग वर येतात. तापवण्याआधी बोरिक आम्लाचा लेप दिला तर ते बरेच कमी होतात.

किटली करशील तेव्हा तोटीचं टोक भरण्याच्या पातळीखाली जाऊ देऊ नकोस. रूप कितीही देखणं असलं तरी ती सांडेल. चांदी उष्णता फार वेगाने वाहते, म्हणून मुठीत अडथळा हवा. तिथे दलदलीत हजारो वर्षं पुरलेलं काळं ओक लाकूड वापरतात.

शिक्षणाच्या वाटा थोड्या आहेत. डब्लिनच्या राष्ट्रीय कला महाविद्यालयात दागिने आणि वस्तू यांचा विभाग आहे. किलकेनीला डिझाइन अँड क्राफ्ट्स काउन्सिलचं प्रशिक्षण कार्यशाळेतल्या प्रत्यक्ष हातकामावर भर देणारं आहे. निवडलेला अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी मान्यता यादीत आहे का, हे संस्थेकडून लेखी विचार. यादीत नसेल तर विद्यार्थी व्हिसा अडतो. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे; तिथलं विद्यापीठ निवडलंस तर व्हिसा ब्रिटनचा लागेल, डब्लिनचा चालणार नाही.

पैशाचं स्पष्ट सांगणं गरजेचं आहे. शिकताना सत्रात आठवड्याला 20 तास काम करता येतं. ऑनर्स पदवीनंतर 12 महिने, पदव्युत्तरनंतर 24 महिन्यांपर्यंत राहता येतं, पण त्या परवान्यावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. या क्षेत्रात बहुतेक जण स्वतंत्र काम करतात, त्यामुळे ही अट तुला सर्वांत जास्त जाचेल. शेवटच्या वर्षातच एखाद्या कार्यशाळेत पगारी जागा शोधायला लाग. विक्रीचं काम डब्लिनच्या 'अ‍ॅसे ऑफिस'मध्ये, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीत, तपासून त्यावर शुद्धतेचा छाप ठोकला जातो. मुकुटधारी वीणा ही त्यांची 925 ची जुनी खूण. पातळ पोकळ आकारावर ठोकलेल्या छापाने खळगा पडू शकतो, म्हणून काम शेवटच्या पॉलिशआधी पाठवायचं आणि छापाची जागा आराखड्यातच ठरवायची.

बाबांना दुरावू नकोस. डाख, आच आणि कामात होणारी धातूची घट यांचा त्यांच्याकडचा अंदाज वर्गात मिळणार नाही. ठोक्यासाठी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठार काम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवरची ठोक्यांची कारागिरी, पाहा, शक्य तर काही महिने हाताखाली काम कर. पोर्टफोलिओत तांब्याचे तीन पेले ठेव आणि त्यातला एक उभा कापून तळ, कूस आणि काठ इथली जाडी कॅलिपरने मोजून आकड्यांसह त्याचा फोटो लाव.