स्वस्तातलं पॉइंट टू-टू पिस्तूल: काय बघून घ्यायचं?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. निशाणेबाजीचा छंद म्हणून .२२ रिमफायर (म्हणजे ०.२२ इंच बोअरचं, ज्याच्या काडतुसाचा मसाला बुडाच्या कडेत असतो ते) पिस्तूल घ्यायचंय, खिसा मर्यादित आहे, तर काय बघावं? नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

टिळकवाडी, बेळगाव: मी बँकेत नोकरीला आहे. रविवारी रेंजवर जाऊन कागदावर नेम धरायचा, एवढाच हेतू. दुकानदार म्हणतो, परवाना काढा, मग .३२ घ्या, .२२ च्या नादी लागू नका. त्याचं खरं मानू का?

दुकानदाराकडे जे असतं तेच तो चांगलं म्हणणार. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं बहुतेक .३२ ची, त्यामुळे त्याचं कपाट त्यांनीच भरलेलं. पण हे शस्त्र स्वसंरक्षणासाठी बनवलेलं. नळी आखूड, साइट बारीक आणि बहुधा हलवता न येणारी. शिवाय .३२ चं काडतूस महाग. तुम्हाला कागदावर शेकडो गोळ्या झाडायच्या आहेत. तिथे .२२ लाँग रायफल या काडतुसाला तोड नाही. आवाज कमी, झटका जवळजवळ नाही, म्हणून डोळे मिटायची आणि मनगट ताठ करायची सवय लागत नाही. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय ते उगीच नाही.

आता कडू भाग. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्हाआम्हाला नाही. त्यामुळे परदेशात मध्यम किमतीला मिळणारं जुनं वॉल्थर किंवा ब्राउनिंग आपल्याकडे कित्येक पट भावाने हात बदलतं. म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ इथे वेगळाच होतो. ईशापूर रायफल फॅक्टरीचं ‘निडर’ हे .२२ रिव्हॉल्व्हर आहे खरं, पण ते पाव किलोच्या आसपासचं, पर्समध्ये मावणारं. इतक्या हलक्या शस्त्रावर ट्रिगर दाबताना सगळं शस्त्रच हलतं. टार्गेटसाठी नको.

माझा सल्ला असा की आधी वर्षभर एअर पिस्तूल चालवा. ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर (नळीचा आतला व्यास) नसलेल्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही, दुकानदार फक्त ओळखपत्र मागेल. १० मीटरचं अंतर गच्चीवरही मिळतं, मात्र मागे भक्कम भिंत आणि छऱ्याची पेटी हवी. तोवर परवान्याचा अर्ज चालू ठेवा. शहर हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यात असाल तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला. ए-१ फॉर्मसोबत शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. कर्नाटकात बऱ्याच जिल्ह्यांत पोलीस खातं नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षणाचे वर्ग घेतं. फलक कन्नडमध्ये असतो म्हणून आपली मंडळी पुढे निघून जातात, आणि मग पुण्याला जाऊन पैसे मोजतात.

खानापूर तालुका: मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ओळखीच्या एका परवानाधारकाकडे .२२ चं जुनं सेमी-ऑटो पिस्तूल आहे, तो विकतोय. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल मी चालवलंय, पण हे कधी हाताळलं नाही. काय तपासू?

हवालदारसाहेब, पहिली गोष्ट कागदाची. आर्म्स ॲक्टप्रमाणे एका खासगी माणसाने दुसऱ्याला शस्त्र विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तुमच्या परवान्यावर त्या प्रकारच्या शस्त्राची नोंद हवी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात. घरात आजोबांची बारा बोअर असेल तर ती मोजायला विसरू नका.

आता पिस्तूल. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध कॅप असते. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. म्हणून पहिली नजर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर टाका. रिकामं पिस्तूल वर्षानुवर्षं खटखट वाजवलेलं असेल तर पिन चेंबरच्या काठावरच आपटत राहते आणि तिथे खाच पडते. टॉर्च लावून बघा, नखाने चाचपा. खाच खोल असेल तर काडतूस नीट बसणार नाही, रिकामी केस निघताना अडकेल. असं पिस्तूल घेऊ नका. दुरुस्तीचा माणूस इकडे सहज मिळत नाही.

मग नळी. आपल्या भागात, त्यातही कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, पावसाळ्याचे चार महिने लोखंडाला गंजच. त्यात दर निवडणुकीला शस्त्र ठाण्यात जमा. तिथे ते कुठल्या कोपऱ्यात, कशात गुंडाळून पडलं होतं कोण सांगणार? नळीत बारीक खड्डे दिसले तरी एकदम नाकारू नका. .२२ ची शिशाची गोळी थोडं सोसते. पण तोंडाशी, जिथून गोळी बाहेर पडते तिथे, खरचटलेलं किंवा चेपलेलं असेल तर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकाच जागी लागणं, गेलंच समजा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं असेल तर आणखी संशयाने बघा, चामडं ओल धरून ठेवतं.

मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा खोका, हा जुन्या .२२ पिस्तुलाचा सगळ्यात दुबळा अवयव. वरचे ओठ वाकलेले, फाकलेले असले की काडतूस तिरकं चढतं. एकच मॅगझिन असेल तर किंमत पाडून मागा, कारण सुटं मॅगझिन मिळायचं नाव नाही.

ट्रिगर तपासायला वाण्याकडचं एक किलोचं वजन पुरतं. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, कॉक करा (झाडायला सज्ज करा), नळी सरळ वर धरा आणि ट्रिगरला दोरीने वजन टांगा. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलाला कमीत कमी १००० ग्रॅमचा ट्रिगर लागतो, म्हणून तो सुटता कामा नये. दोन किलोपर्यंत सुटला तर छंदाला उत्तम. मात्र वजनापेक्षा ट्रिगर कसा सुटतो ते महत्त्वाचं. तो घसटत, अडखळत येत असेल तर नेम सुटण्याआधीच हात सुटतो. मागची साइट वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते का तेही बघा. न हलणाऱ्या साइटवर गोळी नेमापेक्षा चार बोटं खाली लागत असेल तर दर वेळी हिशेब करत बसावं लागेल.

सगळं पटलं तर झाडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ही चाचणी रेंजवरच करा, आणि ज्याच्या परवान्यावर पिस्तूल आहे त्यानेच करावी, तुम्ही शेजारी उभं राहा. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप. एकच सुरेख ग्रुप दाखवून विकणारे खूप, तुम्ही टार्गेटचे सगळे कागद मागा. या अंतरावर प्रिसिजन टार्गेटचं दहा गुणांचं, मधलं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. टेकवून मारलेला ग्रुप त्यात बसला तर पिस्तूल चोख आहे. दोन-तीन जातीची काडतुसं वापरून बघा. .२२ पिस्तूल या बाबतीत लहरी असतं, एका डब्यावर लोण्यासारखं चालतं आणि दुसऱ्यावर दर मॅगझिनला अडतं. साध्या सरावाला ४० ग्रेन वजनाची, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपासची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी बरी. ती आवाजाच्या वेगाखाली राहते.

मिसफायर झाला तर घाई नको. .२२ मध्ये तो होतोच, कारण कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, मग काडतूस काढा. तेच काडतूस अर्धं फिरवून घातलं की पुष्कळदा उडतं. ‘फट’ असा दबका आवाज आला तर मात्र पुढची गोळी मुळीच नको. आधीची नळीत अडकली असेल. हे फौजीला सांगायला नको, पण घरातल्या पोरांना सांगा.

निपाणी: मुलगी १५ वर्षांची आहे. राही सरनोबतचे व्हिडिओ बघून ‘मला पिस्तूलच हवं’ म्हणते. थेट .२२ घेऊन द्यावं का?

कौतुक वाटलं. राही कोल्हापूरची, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभरावरची. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण घेतलं, आणि ते पिस्तूल .२२ चंच. विजय कुमारने २०१२ साली लंडनमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य मिळवलं तेही .२२ वरच.

पण उत्तर नाही. परवाना २१ वर्षांशिवाय मिळत नाही. बारा वर्षांवरच्या मुलांना देखरेखीखाली प्रशिक्षणात शस्त्र वापरता येतं, म्हणून क्लबच्या .२२ वर ती हात बसवू शकेल, स्वतःचं नको. सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलापासूनच करायची. तिथे दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे आणि गोळी नळीतून हळू निघते, त्यामुळे ट्रिगर दाबल्यानंतरची हाताची हालचालही कागदावर उमटते. चुका लपत नाहीत. ट्रिगर ५०० ग्रॅमचा असतो, मुलीच्या बोटाला झेपतो.

स्पर्धेच्या दर्जाचं एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, तेही लगेच घेऊ नका. क्लबचं वापरू द्या. मूठ तिच्या हाताच्या मापाची होईपर्यंत, म्हणजे हात वाढायचा थांबेपर्यंत, पैसे अडकवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी रोज वीस मिनिटं कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बिनछऱ्याचा सराव करायला लावा.

शहापूर, बेळगाव: मुलगा टेक्सासमध्ये एच-वन-बी व्हिसावर आहे. तिथे मित्रांबरोबर रेंजवर जातो. आता स्वतःचं स्वस्त .२२ घेणार म्हणतोय, रुगर की ब्राउनिंग की आणखी काय, असं विचारतो. मला यातलं काही कळत नाही, जिवाला घोर लागलाय.

ताई, घोर कंपनीचा नको, व्हिसाचा करा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. त्याला अपवाद आहेत, आणि सर्वसाधारण अपवाद म्हणजे कुठल्या तरी राज्याचा चालू शिकार परवाना. एच-वन-बी हाही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. रेंजवर भाड्याने घेतलेल्या पिस्तुलालाही हाच नियम लागतो. ‘टेक्सासमध्ये सगळं चालतं’ असं मित्र म्हणतात ते त्यांच्या पासपोर्टवर खरं असेल. मुलाला आजच फोन करा, आणि त्याने तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

ते निस्तरलं तर निवड सोपी. रुगर मार्क फोर आणि ब्राउनिंग बक मार्क या दोन्हींत नळी जागेवर पक्की असते, मागे फक्त बोल्ट सरकतो. म्हणून कमी पैशात अचूकता मिळते. मार्क फोर एका बटणावर उघडतं, त्याच्या आधीचं मार्क थ्री पुन्हा जोडताना भल्याभल्यांना घाम फुटतो. मार्क फोर जुनं घेत असेल तर १ जून २०१७ पूर्वी बनलेलं आहे का ते बघायला सांगा, सेफ्टीच्या दोषामुळे कंपनीने ती परत मागवली होती. टॉरस टीएक्स २२ हलकं, मॅगझिन १६ गोळ्यांचं, मजेला छान. वॉल्थर पी २२ छोटं आणि काडतुसांच्या बाबतीत नखरेल. हेरिटेज रफ रायडर सगळ्यात स्वस्त. ते काउबॉयच्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर, दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. एकेक गोळी शांतपणे मारायला शिकवतं, पण नेमबाजी वाढवायची तर त्यात मन फार दिवस रमणार नाही. मी असतो तर मार्क फोर घेतलं असतं आणि उरलेले पैसे काडतुसांत घातले असते.

परत येताना सोबत आणायचा बेत मात्र त्याने मनातही धरू नये.

जांबोटी: उसात आणि भातात रानडुकरं घुसतात. .२२ पिस्तुलाने भागेल का?

नाही. डुक्कर जखमी होऊन तुमच्यावरच येईल. शिवाय वन खात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा आहे. आणि ही चिमुकली गोळी मोकळ्या रानात दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. उसापलीकडे कोण आहे, दिसतं का?

यळ्ळूर: खंडेनवमीला शस्त्रपूजा करतो. पिस्तुलाला हळदकुंकू चालतं का?

चालतं, बाहेरून. आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीत कुंकू, अक्षता, तेल काही जाऊ देऊ नका. कुंकवाला ओल लागली की दुसऱ्या दिवशी डाग दिसतो, म्हणून आरती झाली की पुसून हलका तेलाचा हात फिरवा. आणि हौस म्हणून हवेत बार काढायचा विचार असेल तर २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

कडोली: कोल्हापूरच्या रेंजवर सरावाला जायचंय. कोगनोळी नाक्यावर अडवतील का?

परवान्यावरचा ‘क्षेत्र’ हा रकाना वाचा. तिथे फक्त जिल्हा किंवा ‘कर्नाटक’ असेल तर कोगनोळीच्या पुढे पिस्तूल नेणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. आधी अर्ज करून क्षेत्र वाढवून घ्या. ‘संपूर्ण भारत’ असेल तर जा. मूळ परवाना, रेंजचं सदस्यत्वाचं कार्ड, पिस्तूल रिकामं आणि पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात. नाक्यावर विचारलं तर आपणहून सांगा, पण पेटी पोलिसांनी सांगितल्याशिवाय उघडू नका. एसटीने जात असाल तर पेटी मांडीवर ठेवा, वरच्या फळीवर नको.